उजवा कान आणि १८ मीटर: डायव्हिंग शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी बोटीतून बेटावर उतरलो. आम्ही चौघं: ताई (आमच्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे सगळ्यांचीच ताई), बारक्या, डॉक्टर आणि मी. डॉक्टर हा जनावरांचा डॉक्टर. प्रत्येकाकडे पाठीवर मावेल एवढीच सॅक. परतीचं विमान १९ तारखेला सकाळी ९ वाजता. मधल्या दिवसांचं एकच काम ठरलंय आणि त्यासाठीच ही वही घातली आहे.

काम असं: चौघांनी ओपन वॉटर डायव्हरचा, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायचा पहिला कोर्स पुरा करायचा आणि निघण्याआधी बाहेरच्या प्रवाळकड्यावर चौघांनी मिळून एक डाइव्ह करायची. या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. आराखडा: ७ ते १० कोर्स, ११ ला शेजारच्या बेटाकडे प्रस्थान, तिथं भटकंती.

ताईनं पहिल्याच दिवशी उलटी गणती मांडून ठेवली. सलग काही दिवस डाइव्ह केल्या तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. म्हणजे १८ ला दुपारी ३ च्या आत पाण्याबाहेर. ही ओळ वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिली.

आरोग्याचा फॉर्म भरला. बारक्याला लहानपणी दमा होता. त्यानं निघण्याआधीच छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून पत्र आणलं होतं. फॉर्मवर 'नाही' अशी खूण करून मोकळा झाला असता तर कुणालाच कळलं नसतं. त्यानं तसं केलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

माझ्या सॅकमध्ये डायव्हिंगची एकच वस्तू आहे, उणे ४ नंबरच्या काचांचा मास्क. बाकी सगळं भाड्यानं घेता येतं. डोळे नाही घेता येत.

७ फेब्रुवारी

आज पूर्ण दिवस कोरड्यात.

आधी एक मोठा गैरसमज दूर झाला. पाठीवरच्या सिलिंडरला आपण सहज 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतो. त्यात असते साधी, गाळलेली, कोरडी हवा, २०० बार दाबानं कोंबलेली. निव्वळ ऑक्सिजन भरला तर साधारण ६ मीटरच्या खाली तो विषारी ठरू लागतो, माणसाला झटके येऊ शकतात.

मग दाब. पाण्यावर १ बार, आणि दर १० मीटरला आणखी १. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत घोकला होता, दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात घटतं. पृष्ठभागावर फुगलेली बाटली १० मीटरवर निम्मी, २० वर एक तृतीयांश, ३० वर पाव. म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच. खोल गेल्यावर त्रास वाढत असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात कानाची परीक्षा दारातच होते. हाच हिशोब वर येताना उलटा चालतो, म्हणून श्वास कधीही रोखून धरायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छाती वर येताना दुप्पट व्हायला बघते.

दुपारी सामान जोडायला शिकलो. हे मला मनापासून आवडलं. बीसीडी म्हणजे हवा भरता-सोडता येणारं जाकीट. त्याचा पट्टा आधी पाण्यात भिजवायचा, कारण कोरडा आवळलेला पट्टा भिजला की सैलावतो आणि सिलिंडर घसरतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक काळं रबरी कडं, ओ-रिंग, त्यावरून बोट फिरवून चीर आहे का पाहायचं. मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं उपकरण, बसवायचा. दाब दाखवणाऱ्या मीटरची काच स्वतःकडे न धरता व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. 'फुस्स' आवाज, नळ्या ताठ होतात, काटा २०० वर जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काट्यावर नजर ठेवून तीन-चार श्वास घ्यायचे. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकला तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. वर बसून हे कळतं, खाली कळून उपयोग नाही.

या तपासणीतच बारक्याच्या माउथपीसला चीर सापडली, लगेच बदलून घेतला.

रेग्युलेटरचं काम थोडक्यात: २०० बारची हवा दोन टप्प्यांत उतरवून, आपण ज्या खोलीवर असू तिथल्या दाबाची करून तोंडाशी द्यायची, तीही मागितली तेव्हाच. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्टो आणि एमिल गान्यां यांनी हे उपकरण चालतं केलं. गान्यां हा गॅसच्या झडपांवर काम करणारा इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायला त्यानं जी झडप बनवली होती, तिच्यावरूनच हे सुचलं. तो रेग्युलेटर हातात धरून मी बराच वेळ बसले होते.

८ फेब्रुवारी

उथळ पाणी. आधी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं. चौघंही पार.

मग छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसून कसरती. रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालणं सोपं गेलं. मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढणं मात्र मला जड गेलं. पाणी नाकाशी आलं की शरीर म्हणतं, ऊठ. तोंडात हवा आहे, ती येतेय, हे ठाऊक असूनही पाय आपोआप ताठ होतात. दोनदा उभी राहिले.

प्रशिक्षकांनी तिसऱ्यांदा वेगळं करायला लावलं. मास्क बाजूला ठेवून, नुसता रेग्युलेटर तोंडात, चेहरा पाण्यात घालून दोन मिनिटं फक्त श्वास घेत राहायचं. नाकातून काहीच नाही, आत तोंडातून, बाहेर तोंडातून. पहिलं अर्धं मिनिट वाईट गेलं. नंतर कुठंतरी नाक आणि तोंड वेगळं झालं. त्यानंतर मास्कची वरची कड कपाळाला दाबून, मान किंचित वर करून नाकातून लांब श्वास सोडला, तर पाणी खालून निघून गेलं. पाचदा केलं. पाचही वेळा जमलं.

खुणा पाठ करतोय. अंगठा वर म्हणजे 'वर चला'. बारक्या खुशीत येऊन सारखा अंगठा दाखवतो आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक त्याला उठवून उभं करतात.

९ फेब्रुवारी

पहिली खरी डाइव्ह. माझी झाली नाही.

बोटीला बांधलेल्या दोरावरून उतरायचं होतं. ताई आणि बारक्या एक जोडी, डॉक्टर आणि मी दुसरी. एक मीटर, दीड मीटर, दोन. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, डावा कान 'टुक' करून मोकळा होतो. उजवा गप्प. दडा बसल्यासारखं वाटलं. बाकीचे तिघं खाली निघालेले दिसत होते, पाणी काचेसारखं होतं आणि मला मागं राहायचं नव्हतं. मी आणखी एक मीटर उतरले. तीन मीटरवर कानात सुई टोचल्यासारखी कळ आली. तरी मी नाक धरून जोरात फुंकलं. हीच चूक, आणि ती मी जाणूनबुजून केली.

डॉक्टरनं माझा चेहरा पाहिला आणि तळवा आडवा हलवून 'काही गडबड?' विचारलं. मी कानाकडे बोट दाखवलं. त्यानं लगेच अंगठा वर केला. आम्ही दोघं वर आलो, तो मला बोटीवर चढवूनच परत उतरला.

कानाच्या पडद्यामागं हवेची छोटी पोकळी असते आणि तिथून घशाच्या मागं एक बारीक नळी जाते. १६ व्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकीच्या नावानं तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. खाली जाताना बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलतो, म्हणून या नळीतून आत हवा पोचवायची. पण फरक फार वाढू दिला तर नळीचं घशाकडचं मऊ तोंड दाबलं जाऊन घट्ट मिटतं. मग कितीही फुंका, उघडत नाही. उपाय एकच: थोडं वर या, दाब कमी होऊ द्या, पुन्हा करा. दुखायच्या आधी करा. हे सगळं मला ७ तारखेला शिकवलेलं होतं, वहीत आहे.

दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरला म्हटलं, तूच बघ की कानात. तो म्हणाला, "मी गाईम्हशींचे कान बघतो. तुझा माणसांच्याच डॉक्टरांना दाखवू." पडदा लाल झालाय, फाटलेला नाही. मधल्या कानाला दाबाची इजा. चार दिवस कानात पाणी नको, १४ ला परत दाखवायचं.

माझ्या बाजूनं प्रकल्प थांबला.

१० फेब्रुवारी

बोटीवर बसून नोंदी. तिघांच्या तिसऱ्या आणि चौथ्या डाइव्ह झाल्या, संध्याकाळी तिघंही ओपन वॉटर डायव्हर झाले.

हाताला काम हवं म्हणून मी हवेचा हिशोब ठेवला. सिलिंडर १२ लिटरचा. बारक्या २०० बारवर उतरला आणि ३१ मिनिटांत ५० वर आला, म्हणजे १,८०० लिटर हवा. सरासरी खोली ९ मीटर, दाब १.९ बार. भागाकार केला तर पृष्ठभागाच्या हिशोबानं मिनिटाला जवळपास ३१ लिटर. ताईनं त्याच वेळात १२० बार वापरले, मिनिटाला २४. हवा बारक्याची संपत आली, पण वर दोघं आले. जोडीतल्या ज्याची हवा आधी संपते, त्याच्या घड्याळावर दोघांची डाइव्ह चालते.

रात्री मी म्हटलं, तुम्ही उद्या ठरल्याप्रमाणे पुढच्या बेटावर जा, मी थांबते, १९ ला धक्क्यावर भेटू. बारक्या काही बोलला नाही, बुटांच्या नाड्या ओढत बसला. ताई म्हणाली, "चौघांनी उतरायचं ठरलं होतं ना? मग बेट कुठं पळून चाललंय. चौदाला कान दाखवू आणि मग बघू." डॉक्टरनं वही ओढून आराखड्यातली '११ ला प्रस्थान' ही ओळ खोडली.

मी रडले, हे इथं लिहून ठेवते.

११ ते १३ फेब्रुवारी

तिघांच्या सकाळी एकेक डाइव्ह. माझा कोरडा सराव, फुंकण्याशिवायचा.

नाक धरून फुंकण्याच्या पद्धतीला व्हाल्साल्व्हा म्हणतात (आंतोनियो व्हाल्साल्व्हा, १६६६–१७२३). ती शिकायला सोपी, पण छातीचा जोर लागतो आणि घाबरलेला माणूस तो जोर हमखास जास्त लावतो. नाक धरून गिळणं ही दुसरी. तिसरी फ्रेंझेल, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शिकवलेली. तिच्यात छातीला सुट्टी: घसा बंद, नाक बंद, आणि जिभेचं मूळ दट्ट्यासारखं वर उचलून तोंडातली थोडीशी हवा मागं ढकलायची. पहिल्या दिवशी मी जीभ कुठं आहे हेच शोधत होते. आरशात नाकपुड्या पाहायच्या, छाती हलू द्यायची नाही. कान बरा होईतो जोर नको, म्हणून बिनआवाजी, नुसती जिभेची हालचाल.

बारक्याची हवा, मिनिटाला लिटरमध्ये: ३१, मग २७, मग २३. प्रशिक्षकांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की पाय मार कमी आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव.

१४ फेब्रुवारी

पडदा पूर्ववत. परवानगी मिळाली. सर्दीची गोळी घेऊन उतरू का, असं विचारलं. नको, पाण्याखाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना कान आतून कोंडतो. मोकळा असेल तर जा, नसेल तर जाऊ नको.

१५ फेब्रुवारी

पहिली डाइव्ह, दुसऱ्यांदा. माझ्यासाठी प्रशिक्षक, आणि बरोबर तिघंही.

प्रशिक्षकांनी दोर हातात दिला आणि सांगितलं की पाय खाली, डोकं वर, आणि दर हातभर अंतराला थांबायचं, कान सांगेल तेव्हाच पुढचा हात. उतरण्याआधी बोटीवरच एकदा कान मोकळे करून घेतले. अर्धा मीटर. टुक, टुक. दोन्ही. एक मीटर, दोन्ही. दोन मीटरवर उजवा अडला. वेदना अजून नव्हती, नुसता कापूस भरल्यासारखा जडपणा. मी हातभर वर आले. मान डावीकडे कलती केली, म्हणजे उजवी बाजू ताणली जाते. जीभ उचलली. उजव्या कानात आधी बारीक चिरक आवाज, चिकट झाकण उघडावं तसा, आणि मग सगळं एकदम साफ. माझ्याच बुडबुड्यांचा आवाज दोन्हीकडून ऐकू आला.

५ मीटरला ६ मिनिटं लागली. दोराभोवती तिघं माझ्याच पातळीवर थांबत थांबत उतरत होते. डॉक्टर प्रत्येक थांब्यावर 'ओके?' विचारत होता आणि मी खरं उत्तर देत होते.

वाळूवर गुडघे टेकले तेव्हा खोली ८ मीटर. २९ मिनिटं.

१६ फेब्रुवारी

दोन डाइव्ह. दिवसाचा विषय तरंगणं: वरही नाही, खालीही नाही.

पहिल्या डाइव्हला माझ्या पट्ट्यावर ६ किलो शिसं होतं. मी बुडत होते, म्हणून बीसीडीत हवा भरत होते, हवा जास्त होऊन वर जात होते, ती सोडत होते. कोर्समधल्या तिसऱ्या डाइव्हआधी नीट तपासलं: बीसीडी रिकामी, साधा श्वास धरून डोळ्यांएवढ्या पाण्यात स्थिर राहायला हवं. ४ किलोत जमलं, वर १ किलो ठेवला. कारण भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचंच वजन पावणेतीन-तीन किलो असतं आणि डाइव्ह संपताना त्यातली बरीचशी संपलेली असते. माणूस शेवटी हलका होतो आणि नेमकं तेव्हाच, वर येण्याआधी, ५ मीटरवर स्थिर थांबायचं असतं.

वजन बरोबर झाल्यावर बटणं विसरायची. श्वास भरला की दोन क्षणांनी अंग हळूच वर उचललं जातं, सोडला की उतरतं. ते दोन क्षण समजणं म्हणजेच सगळं कौशल्य. अर्धं मिनिट एका जागी मांडी घालून अधांतरी बसले.

खाली एका समुद्रफुलात विदूषक माशाचं जोडपं. मोठी ती मादी. हे मासे जन्मतः नर असतात आणि मादी गेली की तिचा नर मादी होतो. नर मास्कवर चाल करून आला, माझ्या बोटाएवढा जीव. मी श्वास सोडून मागं सरले. ते त्याचं घर आहे. शेजारी डोंगरासारखा गोल प्रवाळ होता. असे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. माझ्या उंचीचा होता, म्हणजे दीडशे वर्षांचा तरी असणार. पायातल्या फिनचा एक फटका त्याला पुरला असता. तरंगणं शिकायचं ते यासाठी.

१७ फेब्रुवारी

चौथी डाइव्ह. १७ मीटर. ताईची लाल नखं तिथं काळपट तपकिरी दिसत होती. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. प्रशिक्षकांनी टॉर्च मारला, नखं लालभडक. टॉर्च विझवला, पुन्हा काळी.

हवा संपल्याचा सराव डॉक्टरबरोबर: गळ्यावर आडवा हात, त्याचा पिवळा पर्यायी रेग्युलेटर तोंडात, एकमेकांचे दंड धरून वर. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत, ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा. टप्प्याटप्प्यानं वर यायचं शास्त्र जॉन हॉल्डेननं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडलं. डॉक्टर थांब्यावरून वर आल्यावर बराच वेळ त्या बकऱ्यांबद्दल बोलत होता.

कोर्स पुरा.

१८ फेब्रुवारी

बाहेरचा कडा. चौघं, दोन जोड्या. सिलिंडर २०० बार, पट्टा ५ किलो, एकमेकांची तपासणी दोनदा. सकाळी १०:५२ ला पाण्यात, ११:३८ ला पाण्याबाहेर. विमानाला २१ तासांहून जास्त, ताईनं पुठ्ठ्यावरच्या ओळीवर बरोबरची खूण केली.

कमाल खोली १६.८ मीटर. वेळ ४६ मिनिटं. परतीची हवा: ताई ९०, डॉक्टर ८०, मी ७०, बारक्या ७०.

दिसलं ते: कपारीत तोंड उघड-मीट करणारी मोरे ईल (ती श्वास घेत असते, धमकावत नसते), प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे, त्यांचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि कड्याच्या कडेला दोन कासवं.

उजवा कान: उतरताना ४ मीटरवर एकदा अडला. हातभर वर आले, मान कलती केली, मोकळा झाला. थांबलेला वेळ दीड मिनिट. तिघंही थांबले.

सह्या: डॉक्टर, ताई, बारक्या. मास्क सुकत घातलाय, सकाळी शेवटी सॅकमध्ये जाईल.